सातबारव: मृग ते मृग, एका वर्षाची मोसमी कॅम्पेन लिहायलोय (डी अँड डी ५वी), सूचना द्या

बालाघाटचा_बौना (लातूर)

राम राम मंडळी. आमच्या टेबलासाठी एक मोसमी मालिका लिहायला घेतलीय. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ) ५वी आवृत्ती, २०१४ चे नियम, लेव्हल १ ते ५. (२०२४ ची पुस्तकं आमच्यात कोणाकडंच नाहीत आणि सध्या घ्यायचा इचारबी नाही.)

नेटवर ज्या मोसमी मालिका मिळतात त्यांचा साचा ठरलेला असतोय. वसंतात फुलांचा उत्सव, उन्हाळ्यात जत्रा, पानगळीत भुताची रात्र, हिवाळ्यात बर्फात अडकलेली सराई आणि चारी भागांना शिवायला एखादी हिमराणी. वाचायला झ्याक आहे. पण आमच्या पोरांना जानेवारीत बर्फ म्हणलं की ती हसायलेत, आणि वसंत म्हणजे आमच्याकडं टँकरचे अर्ज भरायचे दिवस.

बरं बर्फ काढून ऊन घातलं म्हणून पण भागत नाही, ऋतू नुसता मागचा पडदाच राहतोय. माझं म्हणणं असंय की मालिका जोडायची ती खलनायकानं नाही, साठ्यानं. पावसाळ्यात पार्टीनं (खेळाडूंच्या पात्रांच्या गटानं) जे केलं त्याचा हिशोब उन्हाळ्यात लागला पाहिजे. कोणी राणी-फिणी नसली तरी चालतंय.

तर गाव आहे सातबारव (सातबारा नाही, तलाठी नंतर येईल). काळ्या रानाचं पठार, चार महिनेच वाहणारी नदी, सात बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), त्यातल्या सहा बुजलेल्या. उरलेल्या एकीला २७ पायऱ्या. पाणी खालून कितव्या पायरीवर आहे हाच अख्ख्या कॅम्पेनचा मुख्य आकडा.

मृग ते हस्त नऊ नक्षत्रं. दर नक्षत्राला सगळ्यांसमोर दहा बाजूंचा फासा टाकायचा आणि वाहन काढायचं, पंचांगातली असतात तीच नऊ. बेडूक, म्हैस नाहीतर हत्ती आला की पाणी तीन पायऱ्या चढलं. मोर, गाढव, उंदीर आला की दोन. घोडा म्हणजे डोंगरावर पडला, गावात नुसते ढग, तर एकच पायरी, ती पण ओढ्यानं उशिरा. कोल्हा आणि मेंढा कोरडे. दहा पडला तर पंचांग सापडंना, परत टाका. दसऱ्यानंतर दर पंधरवड्याला पाणी एक पायरी उतरतंय, गावानं उधळपट्टी केली तर दोन.

आता गंमत. बारवेच्या भिंतीत तीन दारं आहेत, खालून मोजलं तर अठराव्या, नवव्या आणि तिसऱ्या पायरीला. पाण्याखाली असलेल्या दारापर्यंत पोचता येत नाही. म्हणजे दुष्काळ जेवढा वाढेल तेवढं डंजन (आतलं भुयार) खोल उघडत जाणार, आणि सगळ्यात जुना माल तिसऱ्या पायरीच्या दारामागं. पाऊस यावा का न यावा, कशासाठी प्रार्थना करायची ते पार्टीनंच ठरवावं.

भाग चार: मृगात पेव, हस्तात निजलेली देवी, मार्गशीर्षात येळवस (वेळ अमावस्या, रानात जेवायचा सण), चैत्र-वैशाखात बारव. कुठं फाटतंय ते सांगा.

डी२०_परभणीकर

बौना भौ, पहिल्याच दमात मानलं. पाणी उतरलं की दार उघडतं हे लईच भारी आहे. आमच्याकडं वालूरला चक्राकार बारव आहे, गावकऱ्यांनी गाळ काढून साफ केलेली. पायऱ्या गोल फिरत फिरत खाली जातात, एकदा बघून ये मग नकाशा काढ. चौकोनी बारवेचा नकाशा कोणीपण काढतंय, पण गोल पायऱ्यावर लढाई म्हणजे समोरचा सारखा आडवा-तिरपा, धनुष्यवाल्याला सरळ रेषाच मिळत नाही.

पण एक सांग, क्लेरिकचं (देवाच्या जोरावर जादू करणाऱ्याचं) काय करायलास? पहिल्या लेव्हललाच पाणी निर्माण करायचा स्पेल आहे त्याच्याकडं. ड्रुइडकडंबी (निसर्गाची जादू करणाऱ्याकडं) आहे. आणि ड्रुइडची ती जादूची बोरं, दहा बोरं दहा माणसांचं दिवसाचं जेवण. दुष्काळाची कॅम्पेन दुसऱ्या सेशनला संपती. आमच्या टेबलावर असंच झालतं, वाळवंट पार करायचं होतं आणि क्लेरिक म्हणला घ्या प्या.

गोदाकाठची_चेटकीण (नांदेड)

दादा, गणित शिकवते म्हणून आधी आकडेच बघितले. नऊ वाहनांत तीन-तीन पायऱ्यांची तीन, दोनाची तीन, एकाचं एक, शून्याची दोन. बेरीज १६, म्हणजे एका नक्षत्राला सरासरी पावणेदोनच्या वर थोडं. नऊ नक्षत्रांची सरासरी बरोबर १६ पायऱ्या. आणि हस्त संपल्यापासून मृगापर्यंत पंधरवडे मोजले तर १६-१७ होतात!! म्हणजे सरासरी पावसाच्या साली बारव ऐन मृगाच्या तोंडावर तळाला जाते. हे तुम्ही मुद्दाम बसवलंय का आपोआप बसलं?

कसंही असो, हे मोडू नका. कोणी म्हणेल २७ च्या जागी ३० करा, गोल आकडा आहे, ऐकू नका. २७ म्हणजे नऊ त्रिक, सगळे बेडूक-म्हशी-हत्ती आले तरच बारव तोंडापर्यंत भरणार, आणि तसं साल कोणाच्या जन्मात येणं जवळजवळ अशक्यच.

बालाघाटचा_बौना (लातूर)

ताई, २७ नक्षत्रं म्हणून २७ पायऱ्या घेतल्या, उतरायचा वेग मात्र बसवून बसवून आणलाय. तुम्ही ताळा करून दिला ते बरं झालं.

@परभणीकर, क्लेरिकचं उत्तर माझ्याकडं आकड्यातच आहे. स्पेल काय देतंय? दहा गॅलन, म्हणजे अडतीस लिटर धरा. दोन घागरी भरून थोडं वर. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडं दोन स्लॉट (दिवसाला दोनच असे स्पेल), म्हणजे दिवसाला पंचाहत्तर लिटर. एक म्हैस एवढं पाणी उन्हाळ्यात एकटी पिती आणि वरून आंघोळ मागती. पाचव्या लेव्हलला सगळे स्लॉट पाण्यालाच लावले, वरच्या स्लॉटला दर पायरीला दहा गॅलन जास्त धरले, तर ४० + ६० + ६०, एकूण १६० गॅलन. सहाशे लिटर. साधा टँकर दहा-बारा हजार लिटरचा असतोय. २०१६ ला मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली तिच्यात पाच लाख लिटर होतं. तेवढ्यासाठी पाचव्या लेव्हलचे सव्वाआठशे क्लेरिक लागतील, आणि त्यातल्या एकाकडंबी संध्याकाळी मलमपट्टीला स्लॉट उरणार नाही.

म्हणून मी तो स्पेल बंद करणार नाही. उलट करू दे. पार्टीची तहान भागली म्हणजे गावाची भागली नाही. उलट गावाला कळलं की ह्याच्या हातात पाणी आहे, की पहाटेपासून त्याच्या दारात घागरींची रांग. कोणाला द्यायचं, कोणाला नाही, वरच्या आळीला आधी का खालच्या. तिथून खरी कॅम्पेन सुरू होती. स्पेल बंद केला तर हा सगळा सीनच जातोय.

डी२०_परभणीकर

रांगेत भांडण लागलं की इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी आधी त्याचा फासा) टाकायचा म्हण की 😂 पटलं. बोरांचं?

बालाघाटचा_बौना (लातूर)

बोरं दहाच, आणि चोवीस तासांनी बाद. गावात माणसं चारशे. तीच गोष्ट.

नाथसागर_वारा (छत्रपती संभाजीनगर)

मालिका चांगली आहे पण मराठवाडा म्हटलं आणि देवगिरी नाही? अंधेरी घ्या ना राव, तयार डंजन आहे. अंधारा वळणावळणाचा बोगदा, वरून धूर सोडायची सोय, खंदक, एकच वाट. काही लिहायचं कामच नाही.

बालाघाटचा_बौना (लातूर)

तयार आहे म्हणूनच नको. मराठी होमब्रू (घरी लिहिलेली कॅम्पेन) उघडलं की देवगिरी, प्रत्येकाच्या कॅम्पेनमध्ये तीच अंधेरी आणि तोच धूर. आणि किल्ला मोसमी नाही, तो जूनमध्ये जसा तसाच डिसेंबरात. मला जागा अशी पाहिजे जी ऋतूबरोबर बदलती.

औसेकर_ओव्या

मग नळदुर्ग घ्या. पाणीमहाल. बोरी नदीवर बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पाऊस चांगला झाला की नर-मादी नावाच्या दोन सांडव्यांवरून धबधबे पडतात आणि आतल्या खोल्या कोरड्या. उन्हाळ्यात ती नुसती भिंत. माझ्या मामाचं गाव तिकडंच, पावसाळ्यात त्या खिडकीत उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा, शेजारचा काय बोलतोय ऐकू येत नाही. तुमच्या हस्ताच्या भागाला बसेल. हत्तीचा पाऊस पडला तरच तो पडदा पडणार आणि पडदा पडला तरच आतलं कोणाला बाहेर ऐकू जाणार नाही, म्हणजे चोरी करायला तीच वेळ.

बालाघाटचा_बौना (लातूर)

ओव्या, हे घेतलं! आवाज ऐकू येत नाही म्हणजे स्टेल्थला (लपून जायला) ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून चांगला घ्यायचा) आणि शाब्दिक स्पेल म्हणणाऱ्यालाबी कोणी पकडणार नाही. पण पहारेकऱ्याला हाक मारून उपयोग नाही, ते पार्टीलाबी लागू. झकास.

पेवाबद्दल दोघांनी मेसेज करून इचारलं म्हणून इथंच लिहितो. पहिला भाग. मृग लागलाय, पेरणीला बी नाही, म्हातारी सांगती की पडक्या वाड्याच्या अंगणात पेव आहे, तिच्या आज्याच्या काळातलं. ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी: जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरंल एवढं, आत पोट फुगत गेलेलं, कडेनं आणि तळाला कडबा-भुसा, वर फरशी आणि तिच्यावर माती लिपलेली. ज्वारी त्यात वर्षानुवर्षं राहायची.

आता धोका. बंद पेवात धान्य हवा खाऊन टाकतंय आणि तळाला जड विषारी हवा साचती. म्हणून जुनी माणसं तोंड उघडून आधी बराच वेळ सोडायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर कोणी उतरायचं नाही. आता तुमच्या पार्टीत कोण आहे बघा. बौना, एल्फ, अर्धा ऑर्क. सगळे डार्कव्हिजनवाले. कोणी दिवाच नेत नाही!! आणि विझार्ड असला तर तो जादूचा उजेड पाडतोय, तो हवा असो नसो विझत नाही. म्हणजे ज्यांना अंधारात दिसतंय तेच आधी मरणार, आणि मशाल धरून खोकत येणारा माणूस वाचणार. नियम नवा लागत नाही, गुदमरायचा आहे तोच. श्वास रोखायचा तर एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशन (अंगातला दम) मॉडिफायर तेवढी मिनिटं, मग मॉडिफायर एवढे राउंड, मग शून्य हिट पॉइंट. फक्त एकच बदल, इथं आपला श्वास कोंडतोय हे लगेच कळत नाही. पहिल्या मिनिटाला डोकं जड, दुसऱ्याला पाय. म्हातारी आधीच कंदील घेऊन उभी असती, पार्टीनं घेतला तर घेतला.

आणि आत उंदीर नाहीत, साप नाही. आत जे आहे ते श्वास घेत नाही. दुष्काळात धान्य दडवून वरून फरशी ओढून घेतलेला सावकार, पोत्यावर बसलेला, माप हातात. त्याला मारायची गरज नाही. तो प्रत्येक मापाला इचारतो, परत कधी देणार? उत्तर दिलं की ते वहीत चढतंय आणि वैशाखात वसुलीला येतंय.

गोदाकाठची_चेटकीण (नांदेड)

दिव्याचा भाग वाचून शहारा आला. मी माझ्या वर्गातल्या मुलांसोबत शाळा सुटल्यावर खेळते, त्यांना हे न सांगता खेळवणार आहे 😈 सगळ्यांना एल्फच व्हायचं असतं.

तो सावकार ठेवाच, पण उलट बाजूचं पण एक पात्र हवं. दामाजीपंतांची कथा आठवते ना, दुष्काळात बेदरच्या बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं. सातबारवला असा एखादा कारकून असू द्या, ज्याच्याकडे सरकारी कोठाराची किल्ली आहे आणि जो घाबरट आहे. त्याला पार्टीनं तयार करायचं, तलवारीनं नव्हे, बोलून. माझ्या टेबलावर बार्ड (गाणारं-बोलणारं पात्र) खेळणाऱ्या मुलीला कधी कामच मिळत नाही.

नाथसागर_वारा (छत्रपती संभाजीनगर)

देवीचा भाग जरा सांगा. निजलेली देवी म्हणजे तुळजापूर का? मग सांभाळून बरं, कोणाच्या तरी भावना जातील.

बालाघाटचा_बौना (लातूर)

तुळजापूर नाही आणि नावबी घेतलं नाही. माझी देवी काळ्या मातीची आहे, ती ह्याच गावची. कल्पना तिकडून सुचली हे खरं. तुळजाभवानीची मूर्ती वर्षातून तीनदा पलंगावर निजवतात, भाद्रपदात नवरात्राच्या आधी, मग दसऱ्यानंतर पुनवेपर्यंत आणि पौषात. सीमोल्लंघन करून दमलेली देवी झोपायला जाती ही कल्पना मला लहानपणापासून लई आवडती. दुसऱ्या कुठल्या खेळात देवाला थकवा आलेला मी तरी बघितला नाही.

तर माझ्या गावात देवी निजली की क्लेरिकचे वरचे स्लॉट झोपतात, नुसते कँट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे स्पेल) आणि पहिल्या लेव्हलचे स्पेल चालतात. पाणीमहालाची चोरी नेमकी त्या रात्रीत. आणि देवीला मधेच उठवायचा पर्याय पण ठेवलाय. उठवली तर सगळे स्पेल परत, पण पौषात ती झोपणारच नाही, आणि न झोपलेल्या देवीच्या गावात रब्बीला दाणा भरत नाही. कोणाच्या भावना जाव्यात असं त्यात काही नाही, तरी आमच्या टेबलावर दोघी आराधी घरातल्या आहेत, त्यांना आधी वाचायला दिलं. त्यांनी एकच बदल सांगितला, पलंग आणणाऱ्या माणसांना नुसते हमाल दाखवू नको, त्यांचा मान असतोय. तो केला.

अर्धा_कोयता (बीड, सध्या पुणे)

गुपचूप वाचत होतो पण तिसऱ्या भागावर बोलल्याशिवाय राहवेना. बौना भौ, तू मार्गशीर्षात गावाची येळवस दाखवायलास. ती तुमच्या लातूर-धाराशिवकडं. आमच्याकडं त्या दिवसात गावात असतंय कोण? दसरा झाला की टोळ्या निघाल्या ऊसतोडीला, कारखान्याला. मपले आई-बाप वीस-बावीस वर्ष गेले. मागं म्हातारी-कोतारी आणि शाळेतली पोरं. तुझ्या हिशोबात हिवाळ्यात पाणी दर पंधरवड्याला एक पायरी उतरतंय, पण अर्धं गाव बाहेर असल्यावर पाणी पितंय कोण? आणि पाडव्याच्या आसपास तीच माणसं बैलं घेऊन परत येतात तवा पाणी सगळ्यात कमी. हे तुझ्या आकड्यात आलं पाहिजे.

दुसरं. कृपा करून त्यांना बिचारे करू नको. पेपरात वाचून लिहिणारे सगळे तसंच लिहितात. मपली माय रात्री दोनला उठून गाडी भरायला जायची आणि बिबट्या दिसला की आधी मोळी खाली ठेवायची, मग शिव्या द्यायची, त्याच क्रमानं.

बालाघाटचा_बौना (लातूर)

भौ, हे पाहिजेच होतं. मग असं करू: टोळी गेली तर पाणी तीन आठवड्याला एक पायरी, परत आली की पंधरवड्याला दोन. ताई परत बेरीज करतील 🙏

खेळाडूंचं काय करावं? पार्टीनं टोळीबरोबर जायचं का मागं राहायचं, हे त्यांच्यावर सोडू का?

अर्धा_कोयता (बीड, सध्या पुणे)

सोडू नको. कोणी स्वतः ठरवून जात नसतंय. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असती.

हे बघ असं कर. कॅरॅक्टर बनवतानाच. फायटरच्या अंगावर सुरुवातीलाच चेन मेल (कड्यांचं चिलखत) असतंय, किंमत ७५ सोन्याची नाणी. गावातल्या पोराकडं आलं कुठून? उचल. मुकादमानं (टोळी नेणाऱ्यानं) दिली. पहिल्या सेशनला सगळ्यांना खूश करून सामान वाटायचं, वहीत अंगठा घ्यायचा, पुढं बोलायचंच नाही. दसरा झाला की मुकादम दारात उभा. आणि हिशोब माणशी नसतोय, कोयत्यावर असतोय. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. म्हणून मपलं नाव. चौघांची पार्टी म्हणजे दोन कोयते, त्यांनी आपसात जोड्या लावायच्या आणि जोडीतला एक पळाला तर दुसऱ्याच्या डोक्यावर दोघांची उचल. बघ मग तुझा रोग (चोर-क्लासवाला) कसा वागतोय.

आणि कोयत्याला सिकलचा चार बाजूंचा फासा देशील तर भांडण होईल. हँडॲक्सचा सहावाला दे. उसाला वाकून खालून एका घावात तोडायचा आणि त्याच हातानं वाढं छाटायचं, ते हत्यारच आहे.

डी२०_परभणीकर

आईशपथ. फुकटचं स्टार्टिंग इक्विपमेंट म्हणजे कर्ज. इतकी वर्ष खेळायलो, हे कधी डोक्यात आलं नाही.

मुकादमाला स्टॅट ब्लॉक (लढाईचे आकडे) देणार का? चॅलेंज रेटिंग (हरवायला किती अवघड) किती?

अर्धा_कोयता (बीड, सध्या पुणे)

कशाला? पार्टी त्याला पहिल्याच झटक्यात मारील आणि म्हणील झालं कर्ज माफ. आमच्या गावचा मुकादमबी वरून उचल घेऊनच खाली वाटायचा, त्याच्या मागं दुसरा वहीवाला असायचा. मारला तर वही त्याच्याकडं जाती एवढं लिहून ठेव.

औसेकर_ओव्या

येळवस काढू नका म्हणजे झालं! मागं राहिलेल्यांसाठी तीच ठेवा. कडब्याची कोप, आत पाच पांडव मांडलेले, रात्रभर घोटलेली आंबील, भज्जी, उंडे. आणि त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्याला अनोळखी असला तरी ओढून जेवायला बसवायचं हा नियम. फँटसीत ह्याच्यासारखा नियम शोधून सापडणार नाही. कोपीत जेवलेल्याला त्या रानात कोणी हात लावू शकत नाही, मग तो कोणीही असो. तुमचा तो पेवातला सावकार सुद्धा आला तर वाढावं लागेल 😄 संध्याकाळी पेटत्या पेंढ्या घेऊन रानाभोवती फिरतात, तेवढ्या वर्तुळात संरक्षण. सकाळपर्यंत चालतंय असं धरा.

बालाघाटचा_बौना (लातूर)

सावकार जेवायला येतोच. आत्ताच लिहिलं.

उन्हाळ्याबद्दल एक गंमत सांगतो. पुस्तकात अतिउष्णतेचा नियम आहे तो शंभर फॅरेनहाइटपासून लागू होतोय. म्हणजे अडतीस अंश. प्यायला पाणी नसलं तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरायचा फासा), पहिल्या तासाला डीसी (गाठायचा आकडा) ५, पुढं दर तासाला एकनं वाढतंय, हुकला की एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी, सहाव्या पायरीला मरण. जाड चिलखत घातलं असंल तर डिसॲडव्हांटेज. अडतीस अंश!! आमच्याकडं मार्चमध्येच एवढं होतंय आणि लोकं लग्नाला कोट घालून जातात. मी तो आकडा त्रेचाळीसला नेलाय, आणि गावात वाढलेल्यांना पहिले दोन तास माफ. डोक्याला ओला पंचा असला तर डिसॲडव्हांटेज नाही. पण उचलीचं चेन मेल काढून ठेवायला फायटर तयार होत नाही, कारण अजून फेडलेलं नाही, हे परवा आमच्या टेबलावर आपोआप झालं.

गोदाकाठची_चेटकीण (नांदेड)

एक अडचण. पाचव्या लेव्हलला विझार्ड किंवा ड्रुइडकडे पाण्याखाली श्वास घ्यायचा स्पेल येतो. रिचुअल आहे (स्लॉट न खर्चता टाकता येतो), दहा जणांना चोवीस तास. मग तिसऱ्या पायरीच्या दारासाठी दुष्काळाची वाट कोण बघणार? पाणी भरलेलं असतानाच सगळे बुडी मारतील.

बालाघाटचा_बौना (लातूर)

मारू दे बुडी. दार आतल्या बाजूला उघडतंय आणि आत सगळं कोरडं. पाण्याखाली दार उघडलं की बारवेतलं पाणी आत धावणार, डीसी १५ स्ट्रेंग्थ नाहीतर वाहत गेलात, आणि गावाच्या पाच पायऱ्या एका रात्रीत गेल्या. सकाळी बायका घागरी घेऊन येतात.

गोदाकाठची_चेटकीण (नांदेड)

दुष्ट आहात. छान.

अजून एक, ऋतूंच्या मधला वेळ कसा भरणार? पेंड्रॅगन नावाचा खेळ आहे, ग्रेग स्टॅफर्ड यांचा, १९८५ चा, त्यात वर्षाला एक मोहीम आणि मग हिवाळ्याचा वेगळा टप्पा असतो. पीक कसं आलं, लग्न, मूलबाळ, वय, सगळं फाशावर. तसं काही इथे घातलं तर चार भागांमधले महिने रिकामे वाटणार नाहीत. आणि विश्रांतीचा तो पर्यायी नियम पण घ्या, आठ तासांची शॉर्ट रेस्ट आणि आठवड्याची लाँग रेस्ट. नाहीतर महिनाभराच्या गोष्टीत स्पेल रोज सकाळी ताजे.

बालाघाटचा_बौना (लातूर)

आठवड्याच्या रेस्टचा नियम गावात असताना लावतो, बारवेत उतरल्यावर नेहमीचा. मधल्या महिन्यांचं पीक-लग्न-आजारपण तीन तक्त्यात बसवतो, पण लग्नाचा तक्ता जूनच्या आत संपला पाहिजे, मंगल कार्यालयाचं बुकिंग असतंय 😀

पहिले तीन भाग फाईल करून शनिवारपर्यंत इथं टाकतो. मूळ नियमांचा जो भाग २०२३ ला क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा झाला तेवढ्याच नियमांवर बसवायलोय, म्हणजे कोणालाबी फुकट वाटता येईल. उष्णतेचा आणि आठवड्याच्या रेस्टचा नियम त्या मोकळ्या भागात नाही, ते मी माझ्या शब्दात नव्यानं लिहितो. चौथा भाग आधी खेळून बघायचाय. उदगीर, निलंगा, औसा, अहमदपूर ह्या बाजूचे कोणी असतील तर लातूरला आमच्या गच्चीवर या. दहा बाजूंचा फासा नसला तरी चालंल, नऊ वाहनांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्यात. अर्धा कोयता भौ, तू सुट्टीला आला की मुकादम तूच कर.

अर्धा_कोयता (बीड, सध्या पुणे)

दिवाळीला येतो. वही मी आणतो.

औसेकर_ओव्या

औशाहून आम्ही दोघी येऊ. शनिवारी दुकान असतंय, रविवार धरा. आणि पार्टीत क्लेरिक मी.